स्वतः येते व इतरांना शिकवू शकते

हा मजकूर मी मोबाईलवर, उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप केला आहे. दिवाळी अंकवाल्यांना मी आधी म्हटलं होतं, वहीत लिहून देते, माझं अक्षर बघण्यासारखं आहे. तिकडून उत्तर आलं, ताई, अक्षर कोण बघतंय आता, टाइप करून पाठवा. म्हटलं, पाठवते. चार दिवस गेले. 'ज्ञ' सापडायलाच एक दुपार गेली. पण कुणाची मदत घेतली नाही. आणि पाठवून झाल्यावर मी त्यांना फोन करून विचारणार आहे, "मिळालं का? मग पहिली ओळ वाचून दाखवा बरं." माणसं हसतात माझ्या या खोडीला. हसू देत. ही खोड लागायला फार मोठी किंमत पडली आहे, आणि ती मी नाही, दुसऱ्याच बाईने मोजली.

मी आरोग्यसेविका. नोकरीच्या कागदावर हा शब्द, गावात मात्र 'शिष्टर'. पाथर्डीच्या डोंगराकडच्या एका उपकेंद्रात माझी शेवटची चौदा वर्षं गेली, त्याआधीची सतरा इकडेतिकडे. उपकेंद्र म्हणजे दवाखाना नव्हे, हे आधीच सांगते, कारण शहरातल्या लोकांना वाटतं तिथे डॉक्टर बसतो. डॉक्टर असतो प्राथमिक आरोग्य केंद्रात, बारा किलोमीटरवर. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक खाट, लशींचा डबा, रक्तदाबाचं यंत्र आणि मी. माझ्याकडे चार गावं आणि त्यांच्या वाड्यावस्त्या. तिथल्या प्रत्येक गरोदर बाईचं नाव माझ्या नोंदवहीत. कुणाला दिवस गेलेत हे पुष्कळदा नवऱ्याच्या आधी मला कळायचं, आणि सासूच्या तर हमखास आधी. एक सासू मला तोंडावर म्हणाली होती, "शिष्टर, आमच्या घरातली बातमी आमालाच उशिरा का वो कळती?" म्हटलं, "मामी, सुनेशी जरा गोड बोलत जा, मग लवकर कळेल." सहा महिने बोलली नाही बाई माझ्याशी. नातू झाला तेव्हा पेढे घेऊन आली.

नोंदवही हा माझा अभिमान होता. माझं माहेर घोडेगावचं. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. रविवारी चर्चहून घरी आलं की जेवणाआधी एक पान शुद्धलेखन, हा आमच्या घरचा नियम. जेवण चुकलं तरी चालेल, पान चुकायचं नाही. त्यामुळे माझी नोंदवही तपासायला येणारे साहेबही आधी दोन मिनिटं नुसतं अक्षर बघत बसायचे. साध्या बाईचं नाव निळ्या शाईने, जोखमीची असेल तर नावाभोवती लाल गोल, आणि ऊसतोडीला जाणारी असेल तर नावापुढे पेन्सिलने बारीक 'ऊ'. पेन्सिल अशासाठी की ती परत येणार असते, तेव्हा खोडायचं.

आमच्या भागातली निम्मी गावं दसरा झाला की रिकामी होतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, पोरंबाळं असं सगळं घर चढतं आणि कुणी कोपरगावकडे, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पार कर्नाटकात कारखान्यावर जातं. मागे उरतात म्हातारी माणसं. पाडव्याच्या आसपास गावं पुन्हा भरतात. या जाणाऱ्यांत पोटुशी बाई असली की मी तिला एक चिठ्ठी लिहून द्यायचे. "प्रिय भगिनी, ही माझी बाई तुमच्या हद्दीत येत आहे. सहावा महिना. दर पंधरा दिवसांनी रक्तदाब बघावा, ही विनंती." खाली माझं नाव, गाव, फोन. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिठाच्या डब्यात ठेवायला सांगायचे. ऊसतोड्यांची झोपडी, म्हणजे कोपी, तिच्यात बाकी सगळं हरवतं, पण पिठाचा डबा रोज उघडावाच लागतो. मग बाई ती चिठ्ठी घेऊन तिकडची सिस्टर शोधत जायची. मला कुठून कुठून फोन यायचे, "तुमची बाई पोचली हो सिस्टर." मी त्या फोनवरच्या कित्येकींची तोंडंही बघितलेली नाहीत. पण नाताळला एकमेकींना फोन करायचो.

मग टॅब आला. पाटीएवढा टॅब, त्यात ॲप, आणि म्हणे आता वही बंद. पहिल्याच उन्हाळ्यात तो असा तापायला लागला की हात लावू देईना. तापलेल्याला सिस्टर काय करणार? मी तो लशींच्या डब्यात, बर्फाच्या पॅकांच्या मधोमध ठेवून दिला. अर्ध्या तासाने काढला तर काचेच्या आतून धुकं. तालुक्याच्या माणसाने विचारलं, "सिस्टर, पाण्यात पडला का?" म्हटलं, "नाही हो, थंडी वाजली त्याला." आठ दिवस तो उन्हात ठेवून वाळवला.

आणि नेटवर्क! आमच्या उपकेंद्रात नेटवर्क नाही. ते होतं खंडोबाच्या टेकडीवर, पायऱ्यांच्या अगदी वरच्या टप्प्याला. दिवसभर भरलेली माहिती वर पाठवायला मी संध्याकाळी टॅब घेऊन टेकडी चढायचे. मी ख्रिस्ती बाई, रोज खंडोबाच्या पायऱ्यांवर. पारावरची म्हातारी माणसं विचारायची, "काय शिष्टर, पावला का खंडोबा?" मी म्हणायचे, "निम्मा पावला, निम्मा उद्या." हसायचे सगळे. मीही हसायचे. हसण्यावारी चाललं होतं तोवर बरं होतं.

एका महिन्याच्या सभेत आमच्या हातात फॉर्म दिले. वर छापलेलं, 'डिजिटल कौशल्य : स्वयंमूल्यमापन'. गंमत म्हणजे फॉर्म कागदाचा होता. खाली वीस कामांची यादी. नवीन नोंद करणे, नोंद दुरुस्त करणे, फोटो जोडणे, माहिती वर पाठवणे, असं करत करत विसावं काम, स्थलांतरित मातेची नोंद दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करणे. प्रत्येकासमोर तीन रकाने. 'येत नाही.' 'मदतीने येते.' 'स्वतः येते व इतरांना शिकवू शकते.' आपलं आपण खूण करायची.

माझ्या शेजारी शोभा बसली होती. शोभा आमच्या गावची आशा, म्हणजे घरोघर फिरून बायकांना आमच्यापर्यंत आणणारी कार्यकर्ती. आठवी शिकलेली, चार शेळ्या, दोन मुली, आणि तोंडात कायम पदराचं टोक. तिने वाकून मला विचारलं, "ताई, खरं लिवायचं का चांगलं लिवायचं?"

मी म्हटलं, "चांगलं लिही गं. हे कागद वर जातात."

ती बराच वेळ पेन धरून बसली. मग एकेक ओळ बोटाने वाचत वीसच्या वीस ठिकाणी 'येत नाही' वर खूण केली. मी म्हटलं, "अगं शहाणे, फोन तर लावता येतो ना तुला?" ती म्हणाली, "फोन लावता येतो का, असं कुठं इच्यारलंय ह्यात?"

आणि मी? मी वीसच्या वीस तिसऱ्या रकान्यात. खरं सांगते, त्यातली सहा-सात कामं मला धड येत होती. पाच-सहा कशीबशी. उरलेल्यांची नावंसुद्धा मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली, आणि विसावं काम तर मी जन्मात केलं नव्हतं. पण समोरच्या बाकावर तीन-चार नव्या कंत्राटी मुली होत्या, त्यांचे अंगठे काचेवर असे चालायचे की बघत राहावं. त्यांच्यासमोर मी, इतक्या वर्षांची सिस्टर, 'येत नाही' लिहू? माझ्या त्या अक्षरात? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. कोण तपासायला येतंय.

तपासायला कुणी आलं नाही, हेच तर झालं. उलट पंधरा दिवसांनी सगळ्यांसमोर यादी वाचली. ज्यांना येत नाही त्यांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण दिवाळीनंतर, तालुक्याला. त्यात शोभाचं नाव. आणि ज्यांना सगळं येतं त्यांना मार्गदर्शक नेमलं होतं. त्यात माझं नाव पहिलं. आजूबाजूच्या अकरा उपकेंद्रांच्या सिस्टरांना मी शिकवायचं!

तेव्हाही नाही म्हणता आलं असतं. साहेबांना बाजूला घेऊन एवढंच सांगायचं होतं, "साहेब, माझी खूण चुकली." दोन मिनिटांचं काम. पण टाळ्या वाजल्या होत्या, आणि टाळ्या वाजल्यावर माझ्यासारखीच्या जिभेला कुलूप बसतं.

शिकवलं मी. सप्टेंबरात, आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात. नवीन नोंद कशी करायची ते चांगलं शिकवलं, त्याबद्दल अजूनही माझी तक्रार नाही. मग एकीने विचारलं, "ताई, ऊसतोडीच्या बायकांचं कसं करायचं?" मी टॅब हातात घेतला. सरावाला एक खोटं नाव भरलेलं होतं, त्यापुढचं 'स्थलांतर' दाबलं. काहीतरी पान उघडलं, जिल्हा विचारायला लागलं, तालुका, गाव विचारायला लागलं. खाली बारीक अक्षरात होतं, 'ठिकाण माहीत नाही, नंतर भरा.' ते दाबलं. यादीतून नाव नाहीसं झालं.

"बघा," मी म्हटलं, "गेलं."

"कुठं गेलं?"

"जिथं जायचं तिथं. ज्या कारखान्यावर जाईल तिथल्या सिस्टरच्या टॅबवर."

मी खोटं बोलत नव्हते, यावर कुणी विश्वास ठेवा अगर ठेवू नका. मला मनापासून तसंच वाटलं. वहीतलं नाव आपोआप कधी पुसत नाही. एकतीस वर्षांत माझ्या वहीतलं एक नाव स्वतःहून कुठे गेलं नाही. मग इथून गेलं म्हणजे तिथे पोचलंच असणार, नाहीतर जाईल कशाला? अकराही जणींनी माना डोलावल्या आणि वहीत लिहून घेतलं.

त्या दसऱ्याला वर्षा आली निरोप घ्यायला. वर्षा म्हणजे आमच्या वस्तीवरची, बावीस-तेवीस वर्षांची, पहिला तीन वर्षांचा मुलगा. त्या पहिल्या खेपेला तिला रक्तदाब वाढून झटके आले होते, नगरला नेऊन कशीबशी वाचवली होती. आता पाचवा महिना. वही चालू असती तर मी तिच्या नावाभोवती लाल गोल दोनदा काढला असता. नवरा कोपरगावकडच्या एका कारखान्याच्या टोळीत, सासूही पोराला सांभाळायला बरोबर जाणार. हिला मागे ठेव म्हणून मी सासूला विनवलं, पण तोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात, एकटा नवरा म्हणजे अर्धा कोयता. अर्धा कोयता टोळीत कुणी घेत नाही.

"चिठ्ठी द्या की ताई," वर्षा म्हणाली.

"आता चिठ्ठीचे दिवस गेले," मी म्हटलं. तिच्यासमोरच नावापुढचं 'स्थलांतर' दाबलं. टोळी नेमकी कुठल्या गावात उतरणार ते मुकादमालाही माहीत नव्हतं, म्हणून खालचं बारीक अक्षर दाबलं. "झालं. गेलं तुझं नाव."

"मंग तितली शिष्टर मला वळखंल कशी?"

"तिच्या टॅबमध्ये तुझं नाव, गाव, पहिल्या वेळचं सगळं असणार. ती स्वतः येईल कोपीवर तुला बघायला. तू शोधत फिरू नको या दिवसांत. उगाच पायपीट नको."

हे शेवटचं वाक्य मी मायेने म्हटलं होतं. मायेने म्हटलं होतं, देवाशपथ.

ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. यादीत तिचं नाव नाही म्हणून ती माझ्या डोळ्यांपुढेही नाही. वहीत असती तर रोज पान उलटताना तो 'ऊ' दिसला असता, त्यापुढे अजून कुणाचा फोन आलेला नाही हे टोचलं असतं. टॅबमध्ये जे नाहीसं झालं ते मनातूनही गेलं. नाताळ आला, केक झाला, फराळ झाला. माझ्या फोनवरच्या मैत्रिणींपैकी कोपरगावच्या सिस्टरचा नेहमीप्रमाणे शुभेच्छांचा फोन आला. दहा मिनिटं बोललो आम्ही. मी वर्षाचं नाव काढलं नाही, आणि ती कसं काढणार?

जानेवारीत लसीकरणाचा दिवस होता. माझे दोन्ही हात कामात होते, म्हणून शोभाला म्हटलं, टॅबवर फोटो तेवढा जोड. ती तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली होती. एकेक गोष्ट पदराचं टोक चावत, ओठ हलवत वाचून करायची. थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, वर्षाचं नाव हितं का हाय?"

"नसेल गं. ती कोपरगावकडे वर्ग झालीय."

"न्हाई ताई. 'प्रलंबित' म्हनून येक येगळा कप्पा असतो, त्यात हाय. आमाला शिकिवलंय. ठिकान भरलं न्हाई तर नाव तिकडं जात न्हाई. आन् भरलं तरी तिकडच्या शिष्टरनी घेतलं म्हनायला पायजे, तवा जातं." तिने टॅब माझ्यापुढे धरला. "आनखी बी हायेत बघा. समदी मिळून पाच नावं हायेत."

माझ्या हातात एका बाळाचा दंड होता. लस दिली, बाळाला आईकडे दिलं, आणि फोन घेतला.

वर्षाच्या नवऱ्याचा फोन बंद. सासूचा लागेना. शोभा पळत जाऊन मुकादमाच्या भावाकडून मुकादमाचा नंबर घेऊन आली. आम्ही दोघी टेकडीवर गेलो, कारण तिथेच आवाज नीट यायचा. दुपारचे दोन-अडीच. मी म्हटलं, "मुकादम, मी शिष्टर बोलतेय. वर्षाला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. मी तिकडच्या सिस्टरला फोन करते, तुम्ही फक्त गाडी काढा."

तो म्हणाला, "शिष्टर, परवा झालं वो सगळं. सकाळी फडात जायच्या टायमाला झटके आले. गाडी येस्तवर कोपीतच बाळतीन झाली. पोरगी गेलेलीच निघाली. बाईला दवाखान्यात नेली, ती हाय, वाचली." आणि पुढे, "लई वाट बघितली वो तिनं. म्या सोता म्हनलं हुतं, चल दवाखान्यात. तर म्हनली, आमच्या ताईंनी सांगितलंय, हितली शिष्टर येनार हाय."

शोभाने माझ्या हातातून फोन घेतला. मी पायरीवर बसले. उतरताना पारावरच्या माणसांनी वाट करून दिली. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असेल.

चौकशी झाली, पण नावापुरती. वरचे साहेब काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "सिस्टर, तुमची इतक्या वर्षांची सेवा, थोडी राहिलीय. नेटवर्क नसल्याने नोंद वर्ग होऊ शकली नाही, असं लिहून द्या. आणि ते खोटंही नाही, तुमच्याकडे नेटवर्क नसतंच." मी लिहून दिलं. सुंदर अक्षरात, खाली सही. मला त्या कागदाची जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाचीही वाटत नाही. चूक अडाणीपणाने झाली होती. सही मी समजून उमजून केली.

बाकीच्या चार नावांना मी त्याच दुपारी टेकडीवरून फोन लावले होते. पण माझ्या शिकवणीने त्या अकरा उपकेंद्रांत काय झालं असेल, हे सही केल्यावर त्याच टेबलावर ध्यानात आलं. अकराही जणींना फोन केला. प्रत्येकीला तेच वाक्य सांगितलं, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. मला ते येत नव्हतं. तुमचा 'प्रलंबित' कप्पा आत्ता उघडा." अकरा वेळा ते वाक्य म्हटलं. पहिल्या वेळी अडखळत आलं, पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत सुटं झालं. एकीने मला फाडकन् विचारलं, "मग ताई, मार्गदर्शक कशाला झालात?" बरोबर बोलली ती. कुठे दोन, कुठे चार, अशी कितीतरी नावं निघाली. आठवडाभर आम्ही सगळ्या फोनला चिकटून होतो, मुकादम शोधत होतो, कारखान्यांच्या हद्दीतल्या सिस्टर शोधत होतो. त्या सगळ्या बाया सुखरूप परत आल्या. लोक म्हणतात, ताई, बघा, केवढ्या जणी वाचल्या. मी ऐकून घेते. त्यांचं मोजमाप त्यांच्याकडे.

मग मी शोभाच्या घरी गेले. वहीच्या पानावर तीच वीस कामं लिहून नेली होती, तेच तीन रकाने. या वेळी एकेक काम टॅबवर करून बघितलं आणि मगच खूण केली. 'येत नाही' मध्ये नऊ आले. 'मदतीने' मध्ये पाच. तिसऱ्या रकान्यात फक्त 'स्वतः येते' एवढंच ठेवलं, पुढचं खोडून टाकलं. शोभाच्या पुढे कागद ठेवला आणि म्हटलं, "शिकव मला."

ती लाजली. "मी काय शिकवनार ताई तुमाला. तुमी मला रक्तदाब बघायला शिकिवला."

"शिकव म्हणते ना."

तिची पद्धत कडक होती. एका दिवशी एकच काम. तीनदा ती करून दाखवणार, तीनदा मी करणार. चौथ्यांदा करताना तिच्याकडे बघायचं नाही. मी जरा मान वळवली की ती पाठ फिरवून शेळीला पाला टाकायला जायची. "माझ्या तोंडाकडं बघून दाबताय तुमी. तोंडावर लिवलंय का?" आणि नोंद वर्ग करायची असली तर नुसतं दाबून भागायचं नाही. पलीकडच्या सिस्टरला फोन लावायचा आणि तिच्या तोंडून नाव वदवून घ्यायचं. हे शेवटचं ॲपमध्ये कुठेही सांगितलेलं नाही. ते आम्ही दोघींनी घालून घेतलं. दीड महिन्यात माझी वीसपैकी सतरा कामं झाली. छप्पन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा 'कळलं नाही, परत सांग' हे मोठ्याने म्हणायला शिकले. मास्तरांच्या मुलीला ते आधी यायला हवं होतं.

पाडवा झाला, ट्रॉल्या परत आल्या. चार-पाच दिवसांनी वर्षा उपकेंद्रात आली. मी खुर्ची पुढे केली, ती खाटेच्या कडेला बसली. गाल बसलेले, हात उसाच्या पाचटाने कापून कापून काळे पडलेले. मी बोलायचं ठरवून ठेवलं होतं, पण तीच आधी बोलली. आवाज चढवून नाही, हकिकत सांगावी तसं.

"ताई, तुमी म्हनला हुता शिष्टर येनार. मी रोज फडातून येताना लांबूनच बघायची, कोपीपशी कुनी हाय का. डोकं ठनकायचं, पाय सुजल्ते. सासू म्हनायची दवाखान्यात जाऊ. मीच न्हाई म्हनलं. ताईंनी फिरू नको म्हनून सांगितलंय."

मी म्हटलं, "वर्षा, तुझं नाव तिकडे गेलंच नव्हतं. मला ते काम येत नव्हतं आणि मी येतं म्हणून सगळ्यांना सांगितलं. नेटवर्कचं काही नाही, तुझी चूक तर नाहीच नाही. चूक माझी आहे."

मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मंग तवा चिठ्ठी द्यायची हुती वो, ताई."

मला रडू आलं. तिला आलं नाही, तिचं तिकडेच संपलं असावं.

थोड्या वेळाने मी टॅब काढला. तिची नोंद अजून उघडी होती. टॅबच्या हिशेबी ती अजून गरोदरच होती, आणि रोज सकाळी तो मला तिची तारीख उलटल्याचं सांगायचा. ती नोंद पुरी करणं भाग होतं, नाहीतर तिला पुढचे औषधोपचार मिळायला अडचण येते. मी तिला विचारलं, आत्ता करू का, की पुढच्या वेळी? ती म्हणाली, करा. शोभा दारात उभी होती, आत आली नाही.

मी एकेक पान भरत गेले. कुठे अडलं नाही, कुणाला विचारावं लागलं नाही. प्रसूतीचं ठिकाण विचारलं, कोपीला रकाना नाही, 'घरी' लिहिलं. बाळ जिवंत की मृत. मुलगा की मुलगी. मग वजन. ते भरल्याशिवाय पान पुढे जात नाही.

अशा वेळी काय करतात ते मला माहीत होतं. अडीच किलो टाकायचं आणि पुढे जायचं, सगळ्याच टाकतात. माझं बोट काही ते दाबेना.

"काय अडलं?" वर्षाने विचारलं.

"बाळाचं वजन मागतंय गं. कुणी केलं होतं का?"

"कोन करनार तितं?" ती म्हणाली. मग आपल्या मांडीवरच्या दोन्ही हातांकडे तिने बघितलं. "पर मी धरली हुती तिला. पुरायच्या आधी माझ्याकडं दिल्ती. आमाला मोळ्या उचलून उचलून हाताला वजन कळतं, ताई. गाडी भरताना काट्याच्या आदी आमी सांगतो, ही मोळी केवढ्याची."

तिने हात उचलले, कोपरापासून जरा वाकवले आणि तसेच धरून बसली.

"दोन किलो," ती म्हणाली. "आन् वर थोडी."

रकान्याला ग्रॅम हवे होते. "किती थोडी?" मी विचारलं.

तिने डोळे मिटले. हात जरासे खाली गेले, पुन्हा वर आले.

"दोनशे धरा."

मी दोन हजार दोनशे लिहिले, आणि पान पुढे सरकलं.